नीलाबाईची किळस

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला नीलाबाई तिथल्या एका लहान दवाखान्यात आया होती. रक्त, पू, ओकारी सगळं उपसायची आणि हात धुऊन खुशाल भाकरी खायची. पण पुसेगावकडच्या तांड्यावरची पोर दिपा भरती झाली, की तिला घास गिळवत नसे.

दिपा वस्तू गिळायची. कधी नाणं, कधी किल्ली. बाप हिरासिंग मान खाली घालून तिला घेऊन यायचा. डॉक्टर पोटाचा एक्स-रे फोटो काढायचे. धोका वाटला तर नांदेडला पाठवायचे, नाहीतर वस्तू आपोआप पडायची वाट बघायची. म्हणजे नीलाबाईनं बघायची. दिपाचा मळ चाळणीत ओतून, वरून पाणी सोडून, काडीनं चिवडत. नाकाला पदर बांधला तरी वास केसांत बसायचा.

"पुन्ना आली का ही भवानी?" ती तोंडावरच म्हणायची. दिपा भिंतीकडं वळून पडायची.

एकदा भेटीच्या वेळी नीलाबाई एका म्हाताऱ्याचं शौचाचं भांडं उचलून निघाली, तर दिपाच्या खाटेपाशी ही गर्दी! एक्स-रेवाल्यानं तिचा फोटो खिडकीला लावला होता आणि दुसऱ्या पेशंटांचे पाहुणे बोटं लावून बघत होते.

"किल्ली झाली, आता कुलूप गिळ म्हणावं!" कुणीतरी म्हणालं. जिलबी खाता खाता एक बाई खिदळली. दिपानं चादर तोंडावर ओढली होती.

नीलाबाईला ढवळून आलं. चाळणीपाशीसुद्धा इतकं कधी आलं नव्हतं. तिनं भांडं त्या घोळक्यात ठेवून झाकण काढलं.

"लेकराचं पोट बघायची हौस हाय ना? मंग हे बी बघा. या जवळ!"

नाकं दाबत सगळे पांगले. फोटो काढून घेत ती खाटेवर टेकली.

"काहून गिळतीस गं?"

चादरीतून दिपाचा आवाज आला, "डोस्क्यात लई गलका होतो, मावशी. बा म्हन्तो, भूत हाय. इथं डॉक्टर तरी इचारतेत, कुठं दुखतं म्हणून."

"मंग गलका झाला की गिळायच्या आधी ये. मी इचारते."

नीलाबाईनं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी हिरासिंगला समजावून दिपाला नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. गिळणं एकदम थांबलं नाही, पण पुढं पुढं दिपा नुसतीच येऊन नीलाबाईपाशी बसू लागली.

चाळणी हातात घ्यायची वेळ आली की नीलाबाईला अजूनही मळमळायचं. पण एक्स-रेवाल्यानं आणलेला चहा ती सरळ मोरीत ओतायची.