गिरणीवरचं आमंत्रण

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

कंग्राळीला आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, पिठाची गिरण आहे. तिथं सुट्ट्या पैशांवरून रोज खोळंबा व्हायचा, म्हणून मी आप्पांच्या बँक खात्याचा क्यूआर कोड काढला. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या, शुभाच्या, मुलीचं बारसं ठरलं. बारशाच्या कार्डावरही मी एक कोड टाकला. तो स्कॅन केला की बाळाचा फोटो, घराचा नकाशा आणि 'सहकुटुंब जेवायला या' एवढं दिसणार. (कागद वाचवायचा होता. थोडं कौतुकही हवं होतं.) दोन्ही कोड एकाच दुकानात छापायला दिले, तेही नावं न घालता. एक कार्डावर गेला, दुसरा गिरणीच्या भिंतीवर. तपासून बघितले नाहीत. शिकवणाऱ्या माणसाला तेवढी गरज वाटत नाही.

बारशाच्या दोन दिवस आधी निपाणीहून शुभाच्या सासूबाईंचा फोन आला. आवाज गार.

"मास्तर, कार्ड मिळालं. स्कॅन केलं. पैसे भरा म्हणतंय."

"काय?"

"नातीच्या बारशाला ताटाचा दर काय ठेवलाय, तेवढं सांगा. आम्ही चौदा माणसं हाय."

फोनवरच हात जोडून मी माफी मागितली. "बघू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. शेजारी शुभा डोळे पुसत होती. "दादा, मला तिथं नांदायचं हाय रं," ती म्हणाली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरणीचा कोड कार्डावर आला असेल, तर गिरणीवर काय चिकटवलंय?

पळत गिरणीत गेलो. आप्पा भुवयांपर्यंत पिठानं पांढरे, पण खुशीत.

"चार दिस झालं, लोकं मोबाईल लावत्यात, पोरीचा फोटू बघत्यात, येतो म्हणत्यात."

"आणि पैसे?"

"ते रोखच देत्यात की." मग पिठाचे हात झटकत म्हणाले, "मला वाटलं हुतं, शिकलेलं पोरगं गिरणीतल्या लोकांना इसरंल. तू मुद्दाम बोलावलंस सगळ्यांना. लई बरं वाटलं बघ."

आता या माणसाला काय सांगणार? मी कोड तसाच ठेवला आणि विचारलं, "किती जण येतो म्हणाले?"

"दळायला कोण येत न्हाय आपल्याकडं?"

बारशाला स्वयंपाक साठ पानांचा होता. बाराच्या सुमाराला सगळी गल्ली भरली. त्यातच निपाणीची चौदा माणसं उतरली. सासूबाईंचा चेहरा फोनवरच्या आवाजासारखाच गार. आईनं भाताच्या पातेल्यात डोकावलं आणि खालीच बसली.

पण गिरणीची माणसं रिकाम्या हातानं आली नव्हती. कुणी तांदूळ आणलेले, कुणी गूळ. एका म्हाताऱ्या आक्कानं दुरडीभर भाकरी आणल्या होत्या. सासूबाईंशेजारी टेकून ती म्हणाली, "आमचं मालक आजारी हुतं तवा वरीसभर ह्या आप्पानं दळणाचं पैसं घेतलं न्हाईत. आज बोलावणं आलं, मग भाकरी तर थापायलाच पाहिजेत."

सासूबाई आप्पांकडे बघत राहिल्या. ते दारात उभे राहून प्रत्येकाला नावानं आत घेत होते. मग सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या थेट चुलीपाशी गेल्या. "विहीणबाई, उठा. तांदूळ धुवायला घ्या. सून तुमची लेक असंल, पण ही नात माझीबी हाय."

शेवटची पंगत उठायला चार वाजले. वाढताना आईच्या आणि सासूबाईंच्या गप्पा काही संपेनात. शुभा पाळण्याशी बसून हसत होती.

निघताना सासूबाई आप्पांना म्हणाल्या, "पाव्हणं, माझ्या चटणीच्या धंद्यालाबी असला कोड काढायचा हाय. कुणी जाणता माणूस हाय का तुमच्या बघण्यात?"

आप्पांनी अभिमानानं माझ्याकडं बोट दाखवलं.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. "हा तर आपलाच हाय," त्या म्हणाल्या. "मी जाणता म्हटलं."