शालनच्या केसातली अबोली

लग्नघरात आणि फुलांच्या दुकानात माणसाला खोटं बोलायला वेळ मिळत नाही. दोन्हीकडे घाई फार! मुहूर्त गाठायचा असतो, फुलं कोमेजायच्या आत पोचवायची असतात, आणि त्या गडबडीत माणूस मनातलं भसकन बोलून जातो. पेडण्याच्या बाजारातल्या आमच्या दुकानात मी इतकी वर्षं हेच ऐकत बसलेय. हार, वेण्या आणि लग्नात पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तू, असा आमचा धंदा. किस्से वर फुकट मिळतात.

आम्ही तिघं. मी गल्ल्यावर, आणि भांडायला. टेंपोवर दिगू. वय पन्नाशीच्या पुढे, पूर्वी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाण बंद पडली तसा फुलांवर आला. "आदी माती व्हरी, आता गुलाब व्हरतंय. माती बरी, तिका सुकायची भीती नाय!" असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो.

आणि तिसरी शालन. वेण्या सगळ्या तिच्या हातच्या. तिचा नवरा मनोहर मांद्र्याहून होडी घेऊन मासळीला गेला, तो परत आला नाही. सोबतचा माणूस पोहत किनाऱ्याला लागला. मनोहर ना जिवंत लागला, ना मेलेला. तेव्हा त्यांची मुलगी मंजू शाळेत जायची.

त्या दिवसापासून शालननं केसातली अबोलीची फाती उतरवली नाही. रोज सकाळी दुकानात आली की पहिली फाती ती स्वतःसाठी ओवायची, माळायची, मग गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी. गावात काही जणांना ते बघवत नसे. मला तर सुरुवातीला तिच्याकडे पाहून रडूच यायचं. मग सवय झाली.

*

मांद्र्याला एका हॉटेलात दिल्लीच्या पार्टीचं लग्न होतं. त्यांची प्लॅनर दुकानात आली. पंचविशीची पोरगी, हातात दोन मोबाईल.

"मला सगळं लोकल पाहिजे. एकदम ऑथेंटिक!" असं म्हणून तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. गुलाबी ट्युलिप!

दिगू डोकावून म्हणाला, "ह्यां खंयच्या गावचां लोकल?"

मी त्याला टेंपो पुसायला पाठवलं आणि पोरीला आमची फुलं दाखवायला लागले. तिची नजर शालनच्या केसांवर गेली. हे कुठलं फूल? अबोली. नाकाजवळ नेऊन पाहिली. "पण हिला वासच नाही! मग तुम्ही लोक ही माळता कशाला?"

पोरीचं हिंदी मी शालनला आमच्या बोलीत विचारलं. शालननं हातातला दोरा न थांबवता सांगितलं, "वास नाय म्हणानच बरी. वास इलो की माणूस याद येता."

आता याचं हिंदी मी काय करणार! "बोलती है, रंग अच्छा है," असं सांगितलं.

"सो स्वीट!" पोरगी म्हणाली. "यात पिंक मिळेल?"

*

डिचोलीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडचं लग्न. नवऱ्यामुलाची आई स्वतः ऑर्डर द्यायला आली. पंचवीस सवाष्णींना वेण्या, नवरीला वेगळी, वर पाहुण्यांना पितळेच्या दिवल्या. ऑर्डर चांगली होती. बाई निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या बाईचं कानावर आलंय आमच्या. राग मानू नका, पण शुभकार्य आहे. वेण्या तिच्या हातच्या नकोत."

शालन चार हातांवर बसली होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मानायला मी काही मूर्ख नव्हते.

"मी स्वतः करीन," मी म्हटलं.

आता हे सांगायला पाहिजे, की मला वेणी करता येत नाही. माझ्या हातात अबोली दिली तर तिची चटणी होते. बाई गेल्यावर मी बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शालन म्हणाली, "तिचो काय दोष ताई? तिका माझो घोव मेललो दिसता. माका दिसना नाय. इतक्यांच."

वेण्या शालननंच केल्या. पाप लागायचं असेल तर मला लागू दे, मी खुशाल घेईन!

लग्नाच्या सकाळी आम्ही दोघी माल पोचवायला हॉलवर गेलो. दारात सवाष्णींना हळदीकुंकू चाललं होतं. नवऱ्यामुलाची आई घाईत होती, समोर येईल त्या कपाळावर बोट टेकवत होती. तिनं वेणी हातात घेऊन पाहिली, "वा, काय हात आहे हो तुमचा!" असं मला म्हणाली, आणि त्याच झपाट्यात शालनला कुंकू लावलं. ओळखलंसुद्धा नाही.

एरवी बायका कपाळ पुढे करतात आणि लगेच सरकतात. शालन तशीच वाकून उभी राहिली. मागच्या बाईला शेवटी सांगावं लागलं, "सर गे पुढे!"

*

मुंबईच्या एका जोडप्याला पाहुण्यांना झाडाची रोपं द्यायची होती. पर्यावरण! आम्ही अबोलीची रोपं छोट्या मातीच्या कुंड्यांत लावून दिली. प्रत्येक कुंडीला पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी, रिबीन, सगळा थाट.

लग्न झालं, पाहुणे विमानानं गेले. दोन दिवसांनी गेस्टहाउसच्या मालकाचा फोन. "तुमची ती रोपां घेऊन जावा! सगळ्या खोल्यांनी टाकून गेल्यात. साफ करणाऱ्या बायका माझ्या नावान बोंब मारतत!"

दिगू टेंपो भरून रोपं घेऊन आला आणि फुकटची म्हणून बाजारभर वाटली. आज पेडण्यात जरा फिरून या. कुणाच्या तुळशीजवळ मिस्टर अँड मिसेस खन्ना फुललेत, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याशी डॉक्टर मल्होत्रा!

शालननंही एक रोप घरी नेलं. नेण्याआधी तिनं त्याची चिठ्ठी सोडवून कचऱ्यात टाकली. मी म्हटलं, राहू दे की, मजा. तर म्हणाली, "नको. एकदा नाव लावलां काय वाट बघूक लागता."



*

मंजूला पणजीहून स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत, माणसं साधी. शालनच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी मी असं तेज पाहिलं. आणि नेमका त्याच सुमारास तिचा दीर उठला.

"दादाक असो अधांतरी किती ठेवतलास? लग्नाच्या आदी क्रिया करून मोकळे होवया," असं त्याचं म्हणणं. म्हणजे देह नसला तर दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि सुतक फेडायचं. त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. भाऊच होता त्याचा. पण क्रिया झाली की शालनची फुलं गेली, कुंकू गेलं. मुलीच्या लग्नात ती मागच्या खुर्चीत, आणि कन्यादान दीर-जावेच्या हातून!

शालन एरवी कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "मंजूक मीच देतलंय. मी आणि तिचो बापूस. त्याच्यानंतर काय तां करा."

सासू कोपऱ्यात बसून होती. म्हातारी हूं नाही की चूं नाही. शेवटी ठरलं, देवाला कौल लावायचा.

आमच्याकडची पद्धत अशी. भटजी देवाच्या अंगावर पाण्यानं ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पाकळ्या गेल्या आमच्याच दुकानातून. शालननं स्वतः निवडून दिल्या.

भटजींनी गाऱ्हाणं घातलं. मनोहरची क्रिया करावी काय? सगळे बघत बसले. पाकळी काही पडेना. आरती झाली, नैवेद्य झाला, घंटा वाजवून वाजवून पोरं दमली. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी!

भटजी बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "देव बोलना नाय. घाई करू नकात."

दीर पाय आपटत गेला. परत येताना टेंपोत दिगूनं हळूच विचारलं, "शालनवयनी, खरां सांग. पाकळ्यांक गोंद लावललंस मगो?"

मी हसले. शालन हसली नाही. बाहेर बघत म्हणाली, "गोंद कित्याक? देवाकय लग्नाचां चेडू असतलां."

*

मंजूच्या लग्नात पाहुण्यांना काय द्यायचं, यावर दुकानात आठवडाभर वाद. मंजूला पितळेच्या दिवल्या हव्या होत्या. मुलाच्या मावशीचा निरोप आला, प्लास्टिकचे डबे द्या, कामाला येतात. मी काजू म्हणत होते. दिगूचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं टॉवेल सुचवले.

शालन म्हणाली, "मीठ."

"मीठ? लग्नात?"

"डिचोलीच्या कुंभाराकडसून बारकी मडकी हाडूया आणि आगरवाड्याच्या मिठागरातलां मीठ भरूया. दर्याचां मीठ." मग हातातला दोरा तोडून, "बापायकडसून कायतरी नको, ताई?"

मी तोंड फिरवून गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. समोर गिऱ्हाईक नव्हतं.

मुलाच्या मावशीनं अर्थातच खोट काढली. मीठ कधी कुणाच्या हातात देतात का, भांडणं होतात! बरोबर होतं तिचं, आम्हीही देत नाही. म्हणून मडकी मांडवाच्या दारात टेबलावर मांडली, वर प्रत्येक मडक्याला अबोलीचा एक गजरा, आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं उचलायचं. जाताना मावशीनं दोन उचलली, ते मी पाहिलं.

पण खरी परीक्षा त्याच्या आधी, कन्यादानाच्या वेळची. शालन हिरवं लुगडं नेसून, अबोली माळून पाटावर येऊन बसली. भटजी पणजीचे, मुलाकडचे. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पोथीतून मान वर करून विचारलं, "वडील कुठे आहेत?"

दीर खांबाला टेकून उभा होता.

"दर्यार गेल्यात," शालन म्हणाली.

भटजींनी तिच्या केसांकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. म्हणाले, "अस्सं. परगावी असले तर सुपारी चालते." आणि त्यांनी शेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर तांदळाची मूठ आणि एक सुपारी ठेवली.

तेवढ्यात सासू उठली. काठी टेकत टेकत मांडवातून पुढे यायला लागली. मला वाटलं, संपलं. आता म्हातारी सगळ्यांदेखत काहीतरी बोलणार, आणि शालनला उठावं लागणार. दिगू तिला अडवायला दोन पावलं पुढेसुद्धा झाला.

म्हातारी वाकली. सुपारीचा पाट दोन्ही हातांनी शालनच्या अगदी जवळ सरकवला. मग सुपारीवर आपला हात ठेवून जरा वेळ तशीच राहिली.

"करा सुरू," ती भटजींना म्हणाली.

मंजूच्या हातावर शालननं पाणी सोडलं. मांडवात कोण रडत नव्हतं ते सांगा. दीर तर आधी!

*

मंजू पणजीला गेली. पुढच्याच आठवड्यात तेरेखोलला एका लग्नाची ऑर्डर होती. मी म्हटलं, शालन, तू दोन दिवस घरी राहा. ऐकलं नाही. सकाळी दुकानात आली, रोजच्यासारखी आपली फाती ओवली, माळली, आणि टेंपोत बसली.

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली. ऊन छान पडलं होतं. दिगू टेंपोतल्या फुलांवर पाणी मारत होता, मी हिशेबाचं बोलत होते. शालन उठून दर्याच्या बाजूच्या कठड्याशी गेली. तिथून नदीचं मुख दिसतं आणि पुढे नुसतं पाणी.

तिनं केसातली फाती सोडवली. पिन दातांत धरली, दोन्ही हातांनी फाती कठड्यापलीकडे नेली आणि अलगद पाण्यात सोडली.

फेरीवरचा माणूस मागून ओरडला, "बाय, तुमची फुलां पडली!"

शालननं मागं पाहिलं नाही. तोंडातली पिन काढून मुठीत घेतली, पदर डोक्यावरून ओढला, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात दर्याकडे बघून म्हणाली,

"मंजूचां झालां ओ सगळां बरां. आता तुमी मेलास तरी चलात."