भानुतात्यांची हाक

लासुर्ण्याच्या भानुतात्यांकडे फोन होता, पण गरज नव्हती. त्यांनी गोठ्यातल्या म्हशीला हाक मारली की शेजारच्या कळंब गावातली म्हैस मान वर करायची. तात्यांच्या मते ते हळू बोलणं होतं. बायको, ताईबाई, त्यांना 'भोंगा' म्हणायची आणि कानात बोटं घालून हसायची.

गेल्या वर्षी ताईबाईला कॅन्सर निघाला. उपचारांसाठी ती बारामतीत मुलीकडे, ज्योत्स्नाकडे राहायला गेली. "यांना शांतता हवी," डॉक्टर म्हणाले. तात्यांनी आज्ञा अशी पाळली की लासुर्ण्यातसुद्धा ते कुजबुजू लागले. म्हैस बावचळली. रोज संध्याकाळी फोनवर ते हळूच विचारायचे, "जेवलीस?"

"ह्यो कोन मानूस फोन करतो गं?" ताईबाई मुलीला म्हणायची. "माझ्या नवऱ्याला दे म्हनावं."

ज्योत्स्ना पेशींच्या मरणावर पीएचडी करते. "मरनात शिकन्यासारखं काय हाय?" हा तात्यांचा जुना प्रश्न. एका रविवारी ते भेटायला आले तेव्हा तिनं समजावलं, "तात्या, हुमणीनं मुळं खाल्ली, ऊस गुपचूप वाळला, तर कोण धावतं?"

"कुनी न्हाय."

"आणि फडाला आग लागली तर?"

"आख्खं गाव!"

"तसंच. कॅन्सरच्या पुष्कळ पेशी गुपचूप मरतात, शरीराच्या राखणदारांना पत्ता लागत नाही. काही मात्र फुगून फुटतात, आतलं सगळं बाहेर सांडतं, दाह होतो. ती हाक ऐकून राखणदार पेशी येतात आणि आसपासच्या रोगी पेशींनाही गाठू शकतात."

"मग आईच्या पेशींना वरडाया सांग की!" तात्या कुजबुजले.

"तेच कसं जमेल ते शोधतायत सगळे. आग आवरावीही लागते, नाहीतर चांगला फड जळतो."

खाटेवरून ताईबाई म्हणाली, "पेशींचं ऱ्हाऊ द्या. आवं, तुमीच वरडा की एकदा."

तात्यांनी घाबरून दाराकडं पाहिलं, मान हलवली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतातून फोन आला.

"ताईबाईऽऽऽ! जेवलीस का गंऽऽऽ?"

पलीकडं धावणारी पावलं वाजली, बादल्या खणखणल्या. कुणीतरी धापा टाकत विचारलं, "तात्या, आग कुठं लागली?"

मग तात्यांचा बारीक आवाज आला, "आग न्हाय रं बाबांनो. घरात ताईबाई न्हाय."

ताईबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. दुसऱ्या कानात बोट घातलं, बारामतीचा गोंगाट आत येऊ नये म्हणून.

"जेवले," ती म्हणाली. "पुना इचारा."