चिंच, टी

माझं अक्षर भयंकर आहे. मी शाळेत मराठी शिकवते, मुलांचे शुद्धलेखनाचे गुण निर्दयपणे कापते, आणि स्वतः मात्र असं लिहिते की दोन दिवसांनी मलाही ते लागत नाही. आजवर ह्या अक्षराचा त्रास फक्त माझ्या विद्यार्थ्यांना व्हायचा. मागच्या हिवाळ्यात त्याने एका तीन पायांच्या कुत्रीला जवळजवळ जंगलात धाडलं होतं.

रविवारी मी आमच्या गावच्या प्राणी-निवाऱ्यात जाते. निवारा म्हणजे केळीच्या वाडीतली पत्र्याची शेड, आठ पिंजरे आणि एक टेबल. डॉक्टर ऑपरेशन करतात, व्हॅनवाले दादा कुत्री पकडतात, मी कार्डं लिहिते. कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘उचलल्याचं ठिकाण’. नसबंदी करा, इंजेक्शन द्या, ओळखीसाठी कानाला खाच पाडा, पण कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडा, असा नियमच आहे. आता वसईत पत्ता सांगायचा तो झाड आणि दुकान धरून. म्हणून माझ्या कार्डांवर असतं: ‘वड, सायकल’. ‘पिंपळ, पाव’, म्हणजे पिंपळासमोरची बेकरी. ‘क्रूस, मागे’. आम्हाला एवढं पुरतं.

ही कुत्री काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या कार्डावर मी लिहिलं, ‘चिंच, टी’. एव्हरशाईन सिटीच्या पलीकडे रस्त्यालगत एक मोठी चिंच होती, तिच्याखाली चहाची टपरी. नसबंदी झाली, दादा तिला चिंचेखाली सोडून आले. पुढे तिथे सोसायटी उभी राहिली. टपरी उठली, चिंच गेली, कुत्री राहिली. गेटवरच्या वॉचमनच्या पोळीवर ती जगत होती. मग एका टेम्पोने तिला उडवलं आणि मागचा एक पाय कापावा लागला.

महिनाभर ती आमच्याकडे होती. जखम भरली, पण पिंजऱ्यात ती जेवेना, जेमतेम दूध चाटायची. दाराला नाक लावून, आमच्याकडे पाठ करून बसायची. डॉक्टर म्हणाले, “हिला हिच्या गेटवर न्या, नाहीतर ही उपाशी मरेल.” सोडताना तिथल्या लोकांची सही लागते, म्हणून मी सोसायटीला फोन केला. चेअरमननी फार गोड आवाजात जुन्या कार्डाची झेरॉक्स मागितली. मीही उत्साहाने पाठवली.

तीन दिवसांनी पत्र आलं. ‘सदर श्वान आपल्याच नोंदीनुसार चिंचोटी येथील असल्याने नियमाप्रमाणे त्यास चिंचोटी येथे सोडावे.’

मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. माझा स्वल्पविराम ‘च’च्या डोक्यावर चढून मात्रेसारखा दिसत होता, आणि शेजारी शाईचा एक ओघळ काना होऊन उभा होता. दादांना दाखवलं. ते म्हणाले, “टीचर, हे चिंचोटीच आहे. तेव्हा मी स्वतः उचलली नसती, तर मी पण चिंचोटीलाच नेली असती.”

“तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?”

“कुत्रीच्या. पण अक्षर तुमचं आहे.”

चिंचोटीला धबधबा आहे, डोंगर आहे, रान आहे. पावसाळ्यात तिथे लोक भिजायला जातात. तीन पायांच्या, माणसाच्या पोळीवर वाढलेल्या जनावराला तिथे सोडणं म्हणजे काय ते मला कळत होतं. चेअरमननाही कळत होतंच.

पुढच्या रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग होती. गावच्या नाटकात गेली कित्येक वर्षं मला खाष्ट सासूचं काम मिळतं. तो आवाज मी घरून काढूनच निघाले. सोबत कार्डांचा अख्खा खोका घेतला. आणि कुत्रीलाही व्हॅनमध्ये घातलं, कारण तिला परत आणायचा माझा विचार नव्हता.

क्लबहाउसमध्ये पाचसहा जण खुर्च्यांवर बसले होते. चेअरमन म्हणाले, “टीचर, इमोशनल होऊ नका. पेपरवर जे आहे ते आहे. चिंचोटी म्हणजे चिंचोटी. ती बाहेरची आहे.”

“बरोबर,” मी म्हटलं. “पेपरवर जे आहे तेच वाचू या.” खोका त्यांच्यासमोर ठेवून मी एक कार्ड दिलं. “हे वाचा. मोठ्याने.”

त्यांनी चष्मा सारखा केला. “पिंप... पिंपळोटी?”

“कुठे आलं हे?”

त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“हे दुसरं.”

“वडो... वडोटी.” मागच्या खुर्चीवर एक बाई फिसकन हसल्या.

“साहेब, आपल्या तालुक्यात तुम्ही दोन नवी गावं वसवलीत. तिथला तलाठी कोण?” मग मी हळूच सांगितलं, “पिंपळ, टी. वड, टी. टी म्हणजे चहाची टपरी. अक्षर माझं घाणेरडं आहे, कबूल. मुलांना ह्याबद्दल मी बाकावर उभं करते. हवं तर आता मी उभी राहते. पण कुत्री चिंचोटीला जाणार नाही.”

चेअरमन हार मानणाऱ्यांतले नव्हते. “ठीक. चिंच, टी. पण आमच्याकडे चिंच कुठाय? टी कुठाय? दाखवा.”

हा प्रश्न ते विचारणार हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच मी गेटबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या आजींना आधीच सांगून ठेवलं होतं. ती टपरी त्यांचीच होती. मी खिडकीतून हाक मारली. त्या आल्या, पदराला हात पुसत, आणि सरळ चेअरमनसमोर उभ्या राहिल्या.

“कोन म्हनतो बाहेरची? हिची आय माझ्या बाकाखाली व्याली. माझ्या टपरीचं पानी पिऊन वाढली ती. तवा तुमचा गेट कुठं होता, भाऊ?”

“आजी, पुरावा लागतो.”

“चला ना खाली. पुरावाच दावते.”

सगळी कमिटी गेटपाशी आली. वॉचमनच्या केबिनशेजारी सिमेंटची एक भली मोठी कुंडी होती. “ही सरकवा,” आजी म्हणाल्या. दादा आणि वॉचमननी जोर लावला. कुंडीखालून जमिनीलगत कापलेला चिंचेचा बुंधा निघाला. बुडाशी एक वाकडा, गंजलेला खिळा होता.

“ताडपत्रीची दोरी बांधायची मी ह्याला,” आजी म्हणाल्या आणि खिळ्यावरची माती अंगठ्याने पुसली.

मी दादांना खूण केली. त्यांनी व्हॅनचं दार उघडलं. ती उतरली, एकदा कोलमडली, सावरली. कोणाकडेही न बघता लंगडत बुंध्यापाशी गेली, हुंगलं, आणि सगळ्या कमिटीदेखत त्यावर बसून मुतली. तीन पायांवर हे सोपं नसतं. पण तिने ते तब्येतीत केलं. वॉचमनने डब्यातली पोळी काढली. महिनाभरात पहिल्यांदा मी तिला घास चावताना पाहिलं.

मी ह्या खेपेचं नवं कार्ड बॉनेटवर ठेवलं. ‘सोडल्याचं ठिकाण’ हा रकाना रिकामा होता, आणि खाली सोसायटीची सही हवी होती.

“मेन गेट लिहा,” चेअरमन म्हणाले.

मी लिहिलं: चिंच, टी. एकेक अक्षर सुटं, वळणदार, आणि स्वल्पविराम चवळीच्या दाण्याएवढा, ओळीच्या खाली, जिथे तो असतो तिथे.

“पण चिंच आहे कुठे आता?” ते चिडून म्हणाले.

“ते तुम्ही आजींना विचारा,” मी म्हटलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी आजींकडे पाहिलं. आजी बुंध्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि कुत्रीचा खाच पडलेला कान खाजवत होत्या. चेअरमननी सही केली. त्यांचं अक्षर माझ्याहून वाईट आहे.