प्याद्याची मात

माझ्या बाबांच्या लेखी खरी मात एकच, प्याद्याने केलेली. वजिराने किंवा हत्तीने केलेल्या मातेला ते मोजत नसत. "हे तं कोणीबी करते," म्हणत. आमच्या घरी जुन्या देशी पद्धतीचा खेळ होता. डाव हातात आला की घाई करायची नाही. एखादं प्यादं सावकाश पुढे आणायचं आणि शेवटचा शह त्यानेच द्यायचा. मी याच रीतीत वाढले.

नालवाडीहून दर रविवारी मी सायकलने वर्ध्याच्या वाचनालयात खेळायला जात असे. बुद्धिबळ खेळणारी मुलगी तिथे मी एकटीच. तिथले नियम नवे, मात कशानेही केली तरी गुण सारखाच. हिवाळ्यातल्या स्पर्धेत पहिला येणाऱ्याला नागपूरला पाठवत. ऐंशी साल उजाडायच्या आधीचे ओळीने तीन हिवाळे मी दुसरी आले. पहिले यायचे ते एक निवृत्त पोस्टमास्तर. वाचनालयात बुद्धिबळावरची होती नव्हती तेवढी पुस्तकं मी वाचून काढली, डावाच्या सुरुवाती घोकल्या. पवनारला धाम नदीच्या रेतीत बैलाच्या दमणीचं चाक रुतावं तसा माझा खेळ रुतला होता.

पुढच्या दिवाळीनंतर बाबा गेले. पोस्टमास्तर भेटायला आले. कोपऱ्यातल्या पटाकडे बघत म्हणाले, "आता त्याईचा खेळ तूच जपजो, बाई."

मी मान हलवली. पण ते वाक्य मनातून जाईना. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि दुपारी घर निवांत असताना मी पोस्टमास्तरांशी झालेले डाव आठवून आठवून मांडू लागले. प्रत्येक डावात मी जिंकत होते. प्रत्येक डावात समोरची मात सोडून मी एका प्याद्यामागे लागले होते. एकदा त्या नादात माझ्याच राजावर मात झाली. इतर वेळी शह नसतानाच त्यांच्या राजाला चालायला घर उरलं नाही आणि डाव बरोबरीत सुटला. पुस्तकांत मी सुरुवाती शोधत बसले होते. शेवट मी तपासलाच नव्हता, कारण तो बाबांचा होता.

तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. खेळ जपायचा म्हणजे हरत राहायचं का?

स्पर्धेच्या सकाळी मी सायकल काढली तशी काका दारात आले. "वर्ष तरी होऊ दे, पोरी. लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, खेळून राह्यली. खोटं थोडीच हाय?"

"बापावर गेली," काका पुटपुटले आणि बाजूला झाले.

शेवटचा डाव पोस्टमास्तरांशीच पडला. दुपार कलली तेव्हा माझे दोन्ही हत्ती मोकळे होते आणि त्यांचा राजा पटाच्या कडेला अडकला होता. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, अडकित्ता काढला.

"आण, आण, प्यादं आण. मी कुठं चाललो?"

माझं प्यादं खरंच पुढे होतं. हात त्याच्याकडे गेलाही. मग मी हत्ती उचलला आणि शेवटच्या ओळीत ठेवला. मात होती.

त्यांनी अडकित्ता मिटून खिशात टाकला. "काऊन घाई केली वो? बाबाईले हे आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," मी म्हणाले. "पण नागपूरले मले जायचं हाय."

आजूबाजूचे हसले. ते हसले नाहीत, पण त्यांनी हात पुढे केला.

नागपूरला मी तिसऱ्या फेरीत हरले. यावेळी डाव मधेच फसला होता, शेवटापर्यंत पोचलाही नव्हता. परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून मी तो डोक्यात पुन्हा मांडत होते. त्यात बाबांची रीत कुठेच नव्हती. जी चूक होती ती माझी एकटीची होती. वर्धा येईपर्यंत ती सापडली नाही, म्हणून घरी पोचल्यावर चप्पल काढली आणि आधी पट मांडला.