दुसऱ्याच्या हातची मूस

स्वस्ति श्री! चित्रकलाध्यापकचूडामणी, खडूचक्रवर्ती, एस.टी.च्या अखेरच्या बाकाचे आजन्म अधिपती अशा अस्मादिकांनी चैत्रात साताऱ्याहून विट्याकडे प्रस्थान ठेवले. प्रयोजन एकच: बालमित्र ज्ञानू यंदा गावच्या यात्रेस येणार होता.

प्रवासेच्छूंनी ध्यानी घ्यावे. कराडला गाडी बदलावी; तेथील भजी उष्ण असतील तरच भक्षावीत. पुढील भाडे खिशास परवडते, हाडांस परवडत नाही. विट्यापुढे बैलगाडी.

ज्ञानू ओरिसात, कटकला गलाई करतो, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करतो. धातू ज्या भांड्यात वितळतो ती मूस ग्राफाइट आणि मातीची. जे ग्राफाइट माझ्या पेन्सिलीत वसते, विजेरीच्या सेलमधील मसाल्यात मिसळते, गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवते, तेच भट्टीत न वितळता तग धरते. आमचा सह्याद्री लाव्ह्याचा; इतका कृष्णवर्णी असूनही त्यात ते नाही. ते ओरिसाकडील पुरातन खडकांत सापडते. आमची माणसेही हल्ली तिकडेच सापडतात.

या गावची रीत अशी की गलाईवाला घरी येताना झिजलेली मूस आणतो. पत्नी ती त्याच्या हातून घेते आणि तीत सब्जा लावते. ज्ञानूच्या अंगणात अशा मुशींची सुगंधी रांग होती. ज्ञानू मात्र नव्हता. ओट्यावर त्याचा कटकचा सोबती तुका, मांडीवर मूस घेऊन, ज्ञानूच्या पत्नीपुढे अपराध्यासारखा बसला होता.

"वैनी, घ्या की. दादानं लय जपून धाडलीया."

"धाडलीया न्हवं? मग ठेवा तिकडंच. दुसऱ्याच्या हातची मूस म्या कवा घेतली न्हाई."

"दिवाळीला येतो म्हनालाय."

"गेल्या साली बी दिवाळीच म्हनले हुते. दिवाळी आली बगा येळंवर." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी त्येंचे दोस्त. तुमी न्या. आले की त्येंच्या हातात द्या, मग मी घीन."

यात्रेत ढोल घुमत होते. आम्ही तिघे ओट्यावरूनच ऐकत राहिलो.

आता ती मूस साताऱ्यात माझ्या मेजावर आहे. तीत पेन्सिली ठेवल्या आहेत. माती घालण्याचा अधिकार माझा नव्हे. दारावर थाप पडली की माझी दृष्टी आधी तिच्याकडे जाते. दिवाळी होऊन गेली. मुशीला घासून सदऱ्याच्या बाह्या काळवंडतात. साबण, रिठा, लिंबू, सर्व निष्फळ. आणि परीट तर माझे कपडे घ्यायलाच तयार नाही.