बोटाला लागेल एवढं खोल

शेजारच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. तरुणपणीच अलिबागजवळचं आमचं गाव सोडून इस्रायलला गेल्या. त्यांच्या आईची कबर मात्र इथेच, किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत आहे. दगडावर वर हिब्रूत नाव, खाली मराठीत. खाऱ्या वाऱ्याने त्याचे पापुद्रे सुटत चाललेले. यंदा काकूंचा फोन आला.

"हिवाळ्यात येत्येय रे, शेवटची. नवा दगड बसव. डोळे गेले माझे, बोटाला लागेल एवढं खोल कोरून घे."

मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे करायचंच.

बटर पेपर लावून कोळशाने जुन्या अक्षरांचा ठसा घेतला. मग हिब्रूची बावीस अक्षरं शिकायला बसलो. मशिदीवरचं उर्दू, पेढीवरचं गुजराती, घरातल्या जुन्या कागदांवरची मोडी, सगळ्यांसमोर आजवर नुसता उभा राहिलो होतो. पण जे वाचता येत नाही ते काम तपासणार कसं?

बायको म्हणाली, "एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर कलेक्टर झाला असतात."

कारागीर विजापूरकडचा. "कानडी कोरतो, मराठी कोरतो, मुरुडला उर्दू कोरलंय. काळजी सोडा साहेब." अक्षरांची खोली तीन सूत, म्हणजे जवळजवळ सेंटिमीटरभर ठरली. मराठी ओळ त्याने सुरेख कोरली. दुसऱ्या दिवशी गेलो, तर हिब्रू ओळ खडूने दगडावर उतरवून तो छिन्नी लावणार होता.

"थांबा!"

नावातलं शेवटचं अक्षर उंच मानेचं. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे ती मान डाव्या टोकाला हवी. इथे उजवीकडे होती. मी दिलेला ठशाचा कागद आरपार दिसणारा, त्याने तो उलटा लावला होता. मराठीच्या बाबतीत हे त्याच्या हातून झालंच नसतं.

"ह्याला तोंड कुठलं, पाठ कुठली, मला काय दिसतंय?" तो वैतागला. "आणि इथं वाचणार कोण?"

"एक बाई. तेवढ्यासाठी विमानाने येतायत."

त्याने ओल्या फडक्याने खडू पुसला. शेवटचं अक्षर होईपर्यंत मी सुलटा कागद धरून तिथेच बसलो.

काकू आल्या. हात धरून नेलं, बोट मराठी ओळीवर ठेवलं. "ते नंतर," म्हणत त्यांनी हात वर नेला आणि उजवीकडून सुरुवात केली. चाचपत डाव्या टोकाला आल्या. उंच मानेवर बोट चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं.

"लागलं रे," म्हणाल्या.